शेवटची तीन मिनिटं

लिऑं, ३ सप्टेंबर १९९६

ती. सोलांजताईस,
सा. न. वि. वि.

तू हसणार हे धरूनच लिहितोय. पॅरिसची एक कंपनी आमच्या ‘सेलेनोप्तेर’ बँडची एकुलती एक तबकडी एकवीस वर्षांनी सीडीवर काढतेय. एका जाणकाराने आमच्यावर चक्क चार पानं लिहिलीत! बावीस मिनिटांच्या त्या रचनेचा शेवट, जिथे सगळं अचानक शांत होतं, तो त्याच्या मते अजोड आहे. आता मूळ टेप हवी. तिच्यातले मागचे ठोके आणि शेवटची बारीक सरसर मशीनवर धुऊन काढणार आहेत. टेप तुझ्या कपाटात आहे, तेवढी पाठव.

तुझा लोभ आहेच, सोबत टेपही येऊ दे.
रेजिस

ले ग्रांज, ९ सप्टेंबर

चि. रेजिस,
अनेक आशीर्वाद.

हसले नाही, गुडघा दुखतोय. नाहीतर लोळले असते. चौदा महिने टिकलात, म्हणजे आमच्या इथल्या दोन हिवाळ्यांइतके. मखमली झगे घालून तीन कार्यक्रम केलेत. पोंतार्लिएच्या शेवटच्या कार्यक्रमाला पंधरा माणसं होती, त्यातले नऊ आपले नातलग, आणि मार्तमावशी तर मध्येच उठून बस पकडायला गेली. गावात कुणाला तुमचं नाव धड उच्चारता आलं नाही. तुमचा गिटारवाला आता विमा विकतो. लोकांना झोपवायची सवय कामी आली.

आणि ते ठोके म्हणे! शांत जागा हवी म्हणून गोठ्यावरचा गवताचा माळा घेतलात, आणि बरोबर पाच वाजता टेप करायला बसलात. गवळ्याच्या पोराला धारेची वेळ आठवू नये? खाली बाबांचं दूध काढायचं मशीन चालू होतं.

टेप मी देणार नाही. कारण विचारू नकोस. अंगाला जप.
सोलांज

लिऑं, १५ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न.

थट्टा पुरे. ते मशीनच मला नको आहे. बाबा म्हणायचे, तुमच्यापेक्षा आजारी गाय बरी हंबरते. अकरा गाईंची धार त्यांनी मुद्दाम आमच्या डोक्याखाली काढली, आणि जाईपर्यंत एकदाही ती तबकडी ऐकली नाही. ती बोच अजून आहे, ताई. आता जग ऐकायला आलंय, तर निदान त्यांचा राग तरी त्यातून पुसू दे. कंपनी सोमवारपर्यंतच थांबेल.

रागावली असलीस तरी उत्तर दे.
रेजिस

ले ग्रांज, १८ सप्टेंबर

चि. रेजिस,
आशीर्वाद.

अक्कल कधी येणार तुला? ठोके एकोणिसाव्या मिनिटाला थांबतात. का, हे एकवीस वर्षांत कधी मनात आलं नाही?

मी खाली बाबांच्या हाताखाली होते. ते छताकडे बघत होते. मग म्हणाले, पोरांचं संपत आलेलं दिसतंय, बंद कर ते. मशीन बंद झालं. उरलेल्या चार गाईंची धार त्यांनी हाताने काढली. ती सरसर म्हणजे बादलीत पडणारं दूध आहे. चीजघरात दूध उशिरा पोचलं म्हणून त्यांनी सगळ्यांसमोर बोलणी खाल्ली, जन्मात एकदाच. त्याला सांगू नकोस म्हणाले, पोरगं डोक्यावर बसेल.

तबकडी ऐकली नाही हे खरं. भिकारच होती. पण तुझ्या जाणकाराला जे अजोड वाटलं, ते तुमचं नाही, बाबांचं आहे. दरवर्षी त्यांच्या दिवशी, ते गेले त्या तारखेला, मी ती लावते. सुई नेमकी जागेवर ठेवता येत नाही, म्हणून तुझी एकोणीस मिनिटं सोसते.

टेप सोबत पाठवतेय. धुवायची तर धू. माया कमी होणार नाही, पण पुन्हा तोंड दाखवू नकोस.
सोलांज

लिऑं, २३ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काहीही धुवायचं नाही, असं कंपनीला कळवलं. वेष्टनावर आम्हा चौघांची नावं होती, आता पाचवं येईल: फेर्नां व्युएमँ, गवळी.

काल शेवटची तीन मिनिटं प्रथमच नीट ऐकली, आणि लहान पोरासारखा रडलो. बाकीची एकोणीस, तुझं खरं आहे, भिकार आहेत.

त्यांच्या दिवशी येतोय. सुई मी ठेवीन.
तुझा रेजिस