तपकिरी कव्हरच्या दोन वह्या

प्रिय तपासनीसबाई,

डब्याच्या वरच्या कप्प्यात पोळ्यांऐवजी पत्र निघाले म्हणून घाबरू नकोस. घरी सगळे ठीक आहे, आणि पोळ्या खालच्या कप्प्यात आहेत. आज बुधवार, दुपारचे दोन; उद्या तू डबा उघडशील तेव्हा हे वाचशील. गाठोडे उताणे झोपले आहे, एक पाय पाळण्याबाहेर काढून, म्हणजे मला तासभर तरी मिळेल. समोर बोललो असतो, पण तुझ्यासमोर माझे काय होते ते तुला माहीत आहे. दिवसभर चष्म्याच्या काचा उजेडात धरून ओरखडे शोधणारी बाई संध्याकाळी माझ्याकडेही तशीच बघते, आणि पहिल्याच वाक्याला माझी बोबडी वळते. कागदावर निदान पुन्हा लिहून काढता येते. हा तिसरा कागद आहे. मी नववीत शाळा सोडली, शुद्धलेखन तेवढे सोडले नाही.

सुरुवात पगारपत्रकापासून करतो. बाळंतपणाच्या रजेनंतरचा पहिला पूर्ण पगार झाला, त्या संध्याकाळी तू ते पत्रक माझ्या कापायच्या टेबलावर टाकलेस आणि म्हणालीस, "बघ, तिसरा हिस्सा आधीच कापून ठेवलाय. तुझी कात्री बरी, ती विचारून तरी चालते." मग चपला न काढताच खुर्चीत बसलीस, गाठोड्याला मांडीवर घेतलेस आणि म्हणालीस, "एवढ्यासाठी मी हिला टाकून जाते होय?" तो प्रश्न मला नव्हता, पण उत्तर द्यायला घरात दुसरे कोणी नव्हते. मी म्हणालो, "कारखान्यात जाऊन विचारू का?" तू म्हणालीस, "नको त्या भानगडी." पण माणूस गप्प बसला म्हणजे त्याचे डोके गप्प बसते असे नाही.

दुसऱ्या दिवशी मी पत्रकावर पट्टी ठेवून एकेक ओळ वाचली. 'प्राप्तिकर कपात' या ओळीपाशी पट्टी थांबली ती पुढे सरकेना. मला वाटले, इतके महिने रजा घेतली म्हणून दंड केला. पत्रक घेऊन खालच्या मजल्यावरच्या निवृत्त कारकूनकाकांकडे गेलो. ते म्हणाले, "दंड कसला रे वेड्या? कपात निराळी, वजावट निराळी. कपात आपोआप होते, वजावट आपण मागायची असते. विम्याचा हप्ता, घरभाडं, मुलीच्या नावाची बचत, ह्याचे पुरावे दिले की तेवढ्या पगारावर कर नाही. रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही!" मी म्हणालो, आमच्याकडे ते काम सध्या मी करतो, बाटलीने. काका म्हणाले, "मग तुला कळेल. सगळं वहीत चिकटव, तारीख घाल, वेळेचं बघ."

ते मी केले. दोन महिने करत होतो, तुझ्या नकळत. वही मिळाली ती दोनशे पानी, तपकिरी कव्हराची. गाठोड्याच्या नोंदी मी जिच्यात ठेवतो तीही तसलीच, कारण दुकानदाराने दोन घेतल्यावर खोडरबर फुकट दिले होते. एकीवर चिठ्ठी डकवली, 'वजावट'. दुसरीवर, 'गाठोडे'. अक्षर सुवाच्य काढले होते. आता ऐक.

सोमवारी तू कामावर गेल्यावर मी गाठोड्याला घेऊन तुझ्या कारखान्यात आलो. तुझे तपासणीचे दालन मागे, हिशेब खाते पुढच्या फाटकाशी, तेव्हा तुला दिसण्याची भीती नव्हती. पिशवीत दोन्ही वह्या होत्या, कारण बाहेर पडताना नोंदीची वही घरी ठेवायला माझा धीर होत नाही. रांगेत आमच्यापुढे चार जण होते. तेवढ्या वेळात गाठोड्याने पिशवीत तोंड घालून दोन्ही चिठ्ठ्या चाटून काढल्या आणि एक गिळली. ती 'वजावट' असावी. मी तिच्या तोंडातून कागद काढत होतो, ती हिशेबाच्या बाईंचे पेन ओढत होती, मागचे गृहस्थ म्हणत होते, "अहो, आम्हालाही घरी पोरं आहेत, लवकर आटपा." मी एक वही खिडकीतून आत सरकवली आणि पळालो. घरी येऊन उरलेली उघडली तर पहिल्याच पानावर विम्याची पावती. म्हणजे आत गेली ती दुसरी. काल परत जायला निघालो आणि फाटकापासून माघारी आलो. काय सांगणार होतो? की तुमच्या दप्तरात माझ्या लेकीच्या लंगोटांचा हिशेब आहे, तो द्या?

आज सकाळी त्या बाईंचाच फोन आला; तुझे नाव, माझा धंदा आणि नंबर मी दोन्ही वह्यांच्या आत लिहून ठेवले होते. "शिंपीदादा ना? बसून बोला." मी उभाच राहिलो. त्या वाचू लागल्या, "सोमवार, सकाळी नऊ, दूध शंभर मिली, पैकी वीस माझ्या सदऱ्यावर. दादा, या विसाची पावती आहे का?" मी म्हणालो, सदरा आहे. बाई इतक्या हसल्या की पलीकडे कोणीतरी "काय झालं हो?" असे विचारल्याचे मला ऐकू आले. पुढे वाचले, "छाती सोळा इंच, उंची अठ्ठावीस, राग मोजता आला नाही." म्हणाल्या, "सबंध वही वाचली मी. चहा गार झाला. बावीस वर्षं लोकांचे कागद तपासतेय, इतकी खरी नोंद कोणी दिली नाही. पण करात चालायची नाही."

मग त्यांनी नीट समजावून सांगितले. वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येकाकडून एक फॉर्म भरून घेतात, यंदा बचत काय, भाडे काय, विमा काय. तेव्हा तू प्रसूतिगृहात होतीस. फॉर्म तुझ्या कारखान्यातल्या कपाटात पडून राहिला. फॉर्म नाही म्हणजे वजावट नाही असे यंत्राने धरले. त्यात बिनपगारी महिन्यांत कापायला काहीच नव्हते, म्हणून वर्षाचा सगळा कर आता उरलेल्या पगारांतून ओढला जातो आहे. दंड नाही, कोणाचा डावही नाही. मला ते माझ्या धंद्यावरून समजले. आपण लहान मुलाचा कपडा शिवताना शिवणीच्या आत माया सोडतो, म्हणजे जादा कापड दुमडून ठेवतो. दिसत नाही, पण गेलेले नसते. पुढे उसवले की बाहेर येते. तुझे पैसे तसे आत दुमडलेले आहेत. शनिवारच्या आत तुझ्या सहीचा फॉर्म आणि पुरावे पोहोचले, तर पुढच्या पगारापासूनच कपात कमी होईल. फक्त नोकरी चालू हवी, असे बाई म्हणाल्या. मध्येच सोडली तर विवरणपत्र भरून वर्षभर वाट बघायची.

हे त्यांनी सहज सांगितले. पण मी त्या वेळी खाली बसलो. कारण गेल्या आठवड्यात तू पर्सचे फाटलेले अस्तर शिवायला दिलेस, तेव्हा अस्तराआड मला घडी घातलेला कागद सापडला होता. तारीख या शुक्रवारची. 'घरगुती कारणास्तव राजीनामा' हे तू अगदी शुद्ध लिहिले आहेस. मी तो होता तसा परत ठेवला आणि वरून अस्तर शिवले नाही. मला वाटले, पगाराचे कोडे सुटले की कागद आपोआप निघून जाईल. आता कोडे सुटले आहे आणि मला कळते आहे की कारण फक्त पगार नव्हते. रविवारी गाठोडे चालले तेव्हा तू रडत म्हणालीस, "बरं झालं, सुट्टी होती. नाहीतर हेही हुकलं असतं."

फोन ठेवण्याआधी बाईंनी आवाज उतरवून विचारले, "मंगळवारचं घरी सांगितलंत का, दादा?" मी सांगितलेले नाही. म्हणून हे पत्र. गाठोडे रविवारी पहिल्यांदा चालले नाही. त्याआधीच्या मंगळवारी, दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी चालले. तुझा कामाचा पांढरा डगला बटण लावायला मशीनवर टांगला होता. ती खुर्चीला धरून उभी होती, डगल्याकडे बघितले, खुर्ची सोडली आणि चार पावले टाकून त्यात तोंड खुपसले. मी टाळ्या वाजवल्या नाहीत. हे हुकल्याचे कळल्यावर तुझे तोंड कसे होईल ते मला दिसले. मग रविवारपर्यंत रोज संध्याकाळी तू आलीस की मी तिला खाली ठेवलेच नाही. तू म्हणालीस, "किती लाडावतोस, पाय कधी फुटणार तिला?" आणि मी तिचे फुटलेले पाय मुठीत धरून बसलो होतो. रविवारी मी आश्चर्याने ओरडलो ते तुला जास्त वाटले, ते जास्तच होते. उद्या, म्हणजे तू हे वाचशील त्याच दिवशी, तीन वाजता बाई तुला सहीसाठी बोलावतील आणि ती वहीही तुझ्या हातात देतील. वजावटीची खरी वही डब्याच्या पिशवीत ठेवली आहे. फॉर्मवर तीन सह्या लागतात असे बाई म्हणाल्या. दुसरा कागद तुझ्या पर्समध्ये आहेच. कुठल्या कागदावर सही ठेवायची ते तू ठरव, मी दोन्हीकडे तुझ्या बाजूला आहे. फक्त चुकीच्या नोंदीवर ठरवू नकोस. मंगळवारचे पान आधी वाच. त्यात मी 'कोणाकडे' असा एक रकाना आखला आहे, आणि त्यात 'आईकडे' असे लिहिले आहे.

तुझाच,
आश्चर्याचे नाटक न जमणारा
गाठोड्याचा बाबा