समोर दिसणारे हात

ता. ४ फेब्रुवारी

चि. बारकीस,
अ. उ. आ.

पत्राला आठवडा लागला, कारण पहिले सहा दिवस टायची गाठ शिकण्यात गेले. थट्टा नाही. चौतीस वर्षं लेथ चालवला, लोखंडातला केसाएवढा फरक बोटाला कळायचा, आणि ही दीड हाताची पट्टी काही केल्या सरळ लोंबत नाही. तुझी आई म्हणते, मी आरशासमोर उभा राहिलो की घरात कोणाला तरी फाशी होतेय असं वाटतं. फोन केला असता, पण लेथने माझे कान असे करून ठेवलेत की तुझं निम्मं बोलणं मी अंदाजाने भरतो. पत्र बरं. दोनदा वाचता येतं.

तर, इमारती सांभाळायला माणसं पुरवणाऱ्या तुझ्या कंपनीची नोकरी लागली एकदाची, इथेच आपल्या गावात. इमारत नऊ मजल्यांची, सगळी काच. दारातून आत आलं की समोर लांबलचक टेबल आणि त्यामागे मी. येणाऱ्याचं नाव वहीत लिहून घ्यायचं, गळ्यात अडकवायचा पास द्यायचा, लिफ्ट दाखवायची. फोन घ्यायला शेजारी एक मुलगी आहे, त्यामुळे माझ्या कानांचं बिंग फुटत नाही. आमच्यावर एक साहेब आहे. त्याच्या कपड्यांना बसल्यावरही सुरकुती पडत नाही, म्हणून मी त्याचं नाव इस्त्रीसाहेब ठेवलंय. त्याने तुमच्या कंपनीची पुस्तिका हातात ठेवली. बूट कसे, केस कसे, हसायचं किती, सगळं छापलेलं. दात दिसतील इतकं नको आणि ओठ आवळलेलेही नकोत. मी घरी सराव केला, तर तुझ्या आईने दाढ दुखतेय का म्हणून विचारलं.

एवढं सगळं छान असून जिवाला स्वस्थता नाही. कारखाना बंद झाल्यावर वर्षभर हातांना काम नव्हतं. आता काम आहे, पण ते हातांचं नाही. दुपारी दोनच्या सुमारास कोणी येत-जात नाही तेव्हा मी उगाच पेनाचं टोपण उघडतो, लावतो, उघडतो. शेजारची मुलगी आता माझ्याकडे बघून उसासे टाकायला लागली आहे.

तब्येत सांभाळ. पत्राला पत्र पाठवत जा, म्हणजे आमचं इथे बरं चालतं.

तुझा,
बाबा


ता. ११ फेब्रुवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र जेवायच्या सुट्टीत वाचलं आणि इतकी हसले की पलीकडच्या टेबलावरच्या बाईंनी काय झालं म्हणून विचारलं. मी सांगितलं, माझे बाबा आमच्याच कंपनीत लागलेत. सांगताना छाती फुगली, खोटं कशाला बोलू.

आता कामाचं. टाय बांधलेला काढू नका, गाठ सैल करून डोक्यावरून काढा आणि तसाच खुंटीला लावा, रोजची कटकट वाचेल. बूट टाचेला चावत असतील तर आठवडाभर घरात मोजे घालून वापरा. दाढी रोज, एक दिवसाआडवाली सवय आता सोडा. पांढऱ्या शर्टापेक्षा फिकट निळा तुम्हाला शोभेल. बाह्या मनगटापर्यंत पूर्ण खाली असू द्या, आणि हात शक्यतो टेबलावर न ठेवता मांडीवर ठेवत जा. बसलेलं तसंच छान दिसतं.

पेनाचं टोपण मात्र खरंच थांबवा. त्या मुलीची मला दया येते.

इथे कामाने जीव मेटाकुटीला आलाय. नवीन चार इमारती घेतल्यात, त्यांची माणसं नेमायची, त्यांचे कागद करायचे. आईला सांगा, वेळेवर जेवते. आशीर्वाद अखंड असू द्या.

तुमची,
बारकी


ता. २ मार्च

चि. बारकीस,
अ. उ. आ.

एक बातमी. मी आता खाली असतो. तळमजल्याच्याही खाली पार्सलची खोली आहे, तिथे. आलेली पाकिटं, खोकी मजल्याप्रमाणे लावून ठेवायची. मीच मागून घेतलं म्हण ना. वर दिवसभर ताठ बसून कंबर धरायची. इथे टाय लागत नाही, हसावं लागत नाही, कोणी येत नाही. खिडकी नाही, पण ट्यूब चांगली आहे.

इस्त्रीसाहेब माणूस वाईट नाही. मला खाली सोडायला स्वतः आला होता, जिन्यात अंधार आहे म्हणून पुढे चालला.

बाकी लिहिण्यासारखं काही नाही. तू कामात असशील. सवड मिळेल तेव्हा लिही.

तुझा,
बाबा


ता. ५ मार्च

चि. बारकीला तिच्या आईचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या बाबांनी काय लिहिलं असेल ते न वाचताही मला ठाऊक आहे. कंबर धरली वगैरे. त्यांची कंबर ठणठणीत आहे. त्यांना खाली घातलंय, त्यांनी मागितलेलं नाही. वरच्या मजल्यावर भाड्याने आलेल्या कंपनीच्या कोण्या बड्या पाहुण्याला पास देताना त्याने ह्यांच्या हाताकडे बघितलं आणि नंतर साहेबाला काहीतरी बोलला. हात तुला माहीतच आहेत. रेघांत मुरलेलं काळं काही आता निघायचं नाही, आणि डाव्या हाताचं अर्धं बोट तू जन्मायच्या आधीच गेलं. साहेब म्हणाला, माझं काही म्हणणं नाही पण पुस्तिकेत अकरावा नियम आहे. तो मी खाली जसाच्या तसा उतरवते. पुस्तिका ह्यांनी कपाटात कपड्यांखाली लपवली होती, मी शोधून काढली.

"हात व नखे स्वच्छ असावीत. हातावर न जाणारे डाग, व्रण अथवा ठळक व्यंग असलेल्या कर्मचाऱ्यास समोर दिसणाऱ्या जागी नेमू नये."

रोज कामावरून आले की मोरीत बसून खरखरीत ब्रशने हात घासतात. मी ओरडले तर म्हणाले, सहज. परवा रक्त आलं. जेवतानाही हात ताटाशी नीट येत नाही, आल्या-गेल्यासमोर तर चहाचा कपसुद्धा उचलत नाहीत. घरात नुसते येरझारा घालतात, पंख्याचं बटण दुरुस्त करतात, जे बिघडलेलंच नाही.

ही पुस्तिका तुमच्याच ऑफिसातून आली ना? मग हे वाक्य कोणी लिहिलं ते शोधून काढ, आणि त्या माणसाला माझ्या नावाने विचार की तुझ्या घरात कोणी हाताने काम केलेलं नाही का.

मी लिहिलंय हे त्यांना कळू देऊ नकोस. माझ्यावर डाफरतील.

तुझी,
आई


ता. २४ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

उत्तराला तीन आठवडे लागले. चार पत्रं लिहिली आणि फाडली. कामाचं कारण सांगणार नाही.

तुम्हाला खाली का पाठवलं ते मला कळलंय. आईवर रागावू नका, तिने सांगितलं नसतं तर तुम्ही कंबरेवरच अडून बसला असतात.

बाबा, अकरावा नियम मी लिहिलाय.

नोकरी लागून सहा महिने झाले होते. एका मोठ्या गिऱ्हाइकाला आमची माणसं अव्यवस्थित वाटली, म्हणून आमच्या वरिष्ठ बाईंनी मला पुस्तिका नव्याने करायला सांगितली. बूट, केस, हसणं, सगळं माझंच. पुस्तिकेचं कौतुक झालं, त्यावर मला बढती मिळाली. तुम्हाला तेव्हा फोन करून सांगितलं होतं आणि तुम्ही आईला पलीकडून ओरडून सांगितलं होतंत.

परवा मी बाईंकडे गेले आणि म्हटलं, अकरावा नियम काढायचा आहे. त्यांनी विचारलं की तीन वर्षांत कोणाची तक्रार नाही, आज एकदम काय झालं. मी सांगितलं, आज तो माझ्या बापाला लागला. त्यांनी पुस्तिका उघडून तो नियम पुन्हा वाचला. मग म्हणाल्या, कारण म्हणून हे लिहून दिलंस तर लोक हसतील, दुसरं काहीतरी लिही. मी हेच लिहून दिलंय. पुढे काय होतंय माहीत नाही.

माफी मागायला शब्द शोधत होते, त्यातच पत्रं फाटत गेली. जे असेल ते बोला. रागवा, पण लिहा.

बारकी


ता. ३० मार्च

चि. बारकीला आशीर्वाद.

तुझं पत्र त्यांनी माझ्यासमोर वाचलं. घडी घातली, शर्टाच्या खिशात ठेवलं आणि चपला घालून बाहेर पडले. दिवेलागणीला आले. कुठे गेला होतात विचारलं तर म्हणाले, चालत होतो. तेव्हापासून पाच दिवस रोज कामावर जातात, येतात, माझ्याशी जेवढ्यास तेवढं. पत्र मात्र रोज ह्या शर्टातून त्या शर्टात जातंय.

मी तुला काय बोलू? त्या माणसाला जाब विचार म्हणाले होते. आता तो माणूस माझ्याच पोटचा निघाला. तीन दिवस तुझ्यावर इतकी चिडले होते की तुझा फोटो वाजवून पालथा ठेवला. काल सरळ केला. धूळ बसत होती.

ते लिहितील. मी मध्ये पडत नाही.

आई


ता. २ एप्रिल

चि. बारकीस,
अ. उ. आ.

एकच विचारतो. ते वाक्य लिहिताना माझे हात तुला आठवले होते का? नसतील आठवले तर तसं सांग. आठवले असतील तर तसं सांग. मला बरं वाटेल म्हणून काही लिहू नकोस.

बाबा


ता. ७ एप्रिल

ती. बाबांस,
सा. न.

आठवले होते.

पेन थांबलं होतं. तुमचं अर्धं बोट डोळ्यासमोर आलं, ज्याला धरून मी रस्ता ओलांडायची. मी स्वतःला समजावलं की बाबा थोडेच अशा टेबलामागे बसणार आहेत, ते कारखान्यात आहेत. मग लिहून टाकलं. त्या ऑफिसात सगळ्यांचे आई-वडील शिकलेले, नीटनेटके, आणि मला वाटायचं की मीही त्यांच्यातलीच दिसायला हवी. पुस्तिका मी दुसऱ्यांसाठी लिहीत नव्हते, बाबा. स्वतःसाठीच लिहीत होते.

फेब्रुवारीत तुम्हाला हात मांडीवर ठेवा म्हणून लिहिलं, तेही ह्याचसाठी. नियम मला पाठ होता. तुम्ही त्यात सापडू नये म्हणून तुम्हालाच लपायला सांगितलं, नियम काढायला गेले नाही.

अकरावा नियम गेला आहे. काल परिपत्रक निघालं, सगळ्या इमारतींना जाईल. आता पुस्तिकेत दहानंतर एकदम बारा आहे. नवीन इमारतींचं काम बाईंनी माझ्याकडून काढून घेतलं. त्याचं वाईट वाटलं, पण फार नाही.

यापेक्षा खरं माझ्याकडे नाही.

बारकी


ता. २१ एप्रिल

चि. बारकीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी पार्सलच्या खोलीत सातव्या मजल्याची खोकी पाचव्याच्या ढिगात लावली आणि पाचव्याची कुठे गेली ते शोधत बसलो. राग आला. अजून आहे. तो लपवून गोड पत्र लिहायला मला जमणार नाही.

इस्त्रीसाहेब परिपत्रक घेऊन स्वतः खाली आला. म्हणाला, उद्यापासून वर या. मी म्हटलं, दोन दिवस विचार करतो. तो चकित झाला. त्याला वाटलं मी उड्या मारीन. दोन दिवस मी खरंच विचार केला. तिथे खाली कोणी बघत नाही हे मला सोयीचं वाटायला लागलं होतं, आणि त्याचीच मला भीती वाटली. सोमवारी वर गेलो.

लोक बघतात. काही बघून नजर फिरवतात. एका बाईने पास माझ्या हातातून न घेता टेबलावर ठेवायला सांगितला. शेजारच्या मुलीने विचारलं, कुठे होतात इतके दिवस, पेनाचं टोपण वाजल्याशिवाय करमत नव्हतं. सही करायला वही पुढे सरकवताना माझा डावा हात अजून आपोआप टेबलाखाली जातो. मी तो परत वर आणून ठेवतो. दिवसातून वीस-पंचवीस वेळा. सवय मोडेल, किंवा नाही मोडणार. घासणं मात्र बंद केलंय. तुझ्या आईने ब्रश फेकून दिला.

आता जे कोणाला सांगितलं नाही ते सांगतो. तुला नोकरी लागली त्याच महिन्यात तू मूळ प्रमाणपत्रं घरी विसरली होतीस. मी फोनवर म्हणालो होतो, ओळखीचा एक जण तिकडे येतोय, त्याच्याबरोबर पाठवतो. ती थाप होती. मीच पहाटेच्या गाडीने आलो होतो. तुझ्या ऑफिसच्या दारात टेबलामागे एक माणूस बसला होता. त्याने विचारलं, आपण कोण. त्याच्या मागे काचेत मी मला दिसलो. आणि मी म्हटलं, पाकीट पोचवणारा. मला तसं सांगायला कोणी सांगितलं नव्हतं. तू तर नाहीच. पाकीट ठेवलं, सही दिली आणि समोरच्या फुटपाथवर बाकावर बसलो, परतीच्या गाडीची वेळ होईपर्यंत. दुपारी तू मैत्रिणींबरोबर बाहेर आलीस, हसत होतीस. मी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं.

तू तुझं वाक्य त्यानंतर पाच-सहा महिन्यांनी लिहिलंस. माझं आधीच तयार होतं. म्हणून सगळा राग तुझ्या एकटीच्या अंगावर टाकायला गेलो की तो वळून माझ्याकडे येतो. मग मी उठून चालायला लागतो. तुझी आई म्हणते, या महिन्यात चपलांचा एक जोड झिजवलात.

येत्या शुक्रवारी मी रजा टाकली आहे. अकराच्या सुमाराला तुझ्या ऑफिसात पोचेन. टाय घालणार नाही, तो नोकरीचा आहे. दारातल्या माणसाला माझं नाव सांगेन, आणि कोणाला भेटायचंय विचारलं की मुलीला भेटायचंय म्हणेन. तो वर फोन करेल. तू कोणाला पाठवू नकोस, आणि मला वरही बोलावू नकोस. कितीही काम असलं तरी स्वतः खाली ये. सगळ्यांसमोर ये.

जीव लावणं मात्र थांबवू नकोस. मीही थांबवलेलं नाही.

तुझा,
बाबा