नाचणी आंबली नाही त्याची हकीकत

कालिम्पोंग, मंगळवार

आदरणीय साइँली दिदी,

कान्छीचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे, भिनाजूंचा दमा आणि इलामची थंडी, तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा आहे. मी ठणठणीत. माझी नाचणी मात्र वारली.

पुढच्या पंधरवड्यात पेदोंगहून मुलाकडचे आपल्या पविनाला मागणी घालायला येणार. होणाऱ्या विहिणीने निरोप धाडला, की नळीने ओढायचा नाचणीचा तोंगबा हवा, तोही तुमच्या आईंच्याच मर्च्याने आंबवलेला. आमा जाऊन वर्ष होत आलं, पण तिच्या हातच्या मर्च्याची एक वडी मी डब्यात जपली होती. (यीस्ट म्हणजे काय हे मला कुणी शिकवू नये. तीस वर्षं मी ते फळ्यावर आकृतीसकट मुलींना शिकवलं आहे.) नाचणी शिजवली, चटईवर निववली, वडी चुरून मिसळली, नेच्याची पानं घालून टोपलीत भरली, वर घोंगडी. तिसऱ्या दिवशी गोडसर वास यायला हवा. पाचव्या दिवशी आला तो ओल्या मोज्यांचा.

शेजारची फूलमाया भाउजू लगेच हजर. (तिला आमंत्रण लागत नाही, नुसतं अपयश लागतं.) "मिस, वर कोळसा आणि लाल मिरची ठेवली होती का?" मी म्हटलं, "कशाला, भुतांना घाबरवायला?" तर म्हणे, "भुतं बिचारी गरीब हो, नजर माणसांची लागते!" नजर लावणारीनेच हे सांगावं!

मग मी बाजारातून पाव फुगवायचं यीस्ट आणून दुसरी टोपली लावली. ती फुगली, आणि घराला बेकरीचा वास सुटला. पविना म्हणाली, "मम्मी, पाहुण्यांना ओढायला नळी द्यायची की कापायला सुरी?" पोरगी माझ्यावर गेली आहे, देव सासरच्यांचं भलं करो. दोष सगळा नाचणीवाल्याचा. मी त्याला तसं तोंडावर सांगितलं आहे.

भिनाजूंना नमस्कार.

तुझी,
कान्छी

ता. क. तुझ्याकडचा मर्चा आमाच्याच मर्च्यावरून चालत आलेला. एक वडी गुरुवारच्या जीपवाल्याकडे दे.

ता. क. २. नाचणीवाला निर्दोष आहे. वडीत दोन किडे दिसले म्हणून मी ती ओव्हनमध्ये दहा मिनिटं भाजली होती. फूलमायाला कळलं तर मी गाव सोडीन.

ता. क. ३. फूलमायाने स्वतःची वडी देऊ केली होती. मी नाही म्हटलं. तोंगबा कसाही होईल गं, पण पविनाने सासरी आमाचा मर्चा न्यायला हवा. म्हणून वडी जीपवाल्याकडे देऊ नकोस, तूच ये आणि आम्हा दोघींना करायला शिकव. आमाने मला शिकायला सतरा वेळा हाक मारली होती. दर वेळी मी वह्या तपासत होते.