भाडेकरूसकट घर

आई,

सोमवारी बँकेत आकडा सांगायचाय आणि आज शनिवार आहे. सकाळची शाळा आटपून घरी आले, भांडी तशीच पडलीत आणि मी तुला लिहायला बसलेय. तुझ्या वेळी बँक आपल्यासारख्यांना दारात उभं करत नव्हती, हे तुझ्या नातीला सांगितलं तर तिला खोटं वाटतं. आता मला रोज फोन येतो. मॅडम, कर्ज घ्या. मॅडम, अजून वाढवून देतो. इतक्या प्रेमानं तर तुझे जावईसुद्धा कधी बोलले नाहीत.

तर ऐक. जेल रोडला दुसऱ्या मजल्यावर एक छोटा फ्लॅट विकायला आहे. आम्हाला राहायला नको, आमचं घर आहे आणि त्याचे हप्ते गेल्या वर्षीच फिटले. हा भाड्यानं द्यायला. येईल ते भाडं हप्त्याला लावायचं, कमी पडेल ते आपण घालायचं, आणि मी रिटायर होईपर्यंत कर्ज संपलं की भाडं माझं. माझ्या शाळेत पेन्शन नाही, म्हणून हा सगळा खटाटोप. कागदावर इतकं सोपं दिसतं की मलाच संशय येतो. घोडं अडलं होतं ते एकाच ठिकाणी, खिशातले किती घालायचे आणि बँकेचे किती घ्यायचे.

खिशातले कमी घातले, तर हप्ता मोठा. मग आत्ताचं भाडं पुरत नाही, वाढवावं लागतं. आणि त्या घरात आत्ता एक बाई राहते, मुलीला आणि म्हाताऱ्या सासूला घेऊन. तिला वाढीव भाडं झेपणार नाही हे एजंटनंच सांगितलं, वर हसून. ‘मग काढायची ना मॅडम. अकरा महिन्यांचा करार, संपतच आलाय. कॉलेजची पोरं ठेवा, डोळे झाकून भाडं येतंय.’ खिशातले जास्त घातले, तर हप्ता भाड्यात जवळजवळ बसतो आणि बाई राहू शकते. पण मग आमची ठेव मोडावी लागते, आणि ती आम्ही अडीअडचणीसाठी ठेवलीय. तुझे जावई अंबडच्या कंपनीत आहेत, तिथं दिवाळीपासून एक शिफ्ट बंद आहे. ते म्हणतात, ‘सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला राहिलाच पाहिजे. त्याला हात लावायचा नाही. बाकी तू काय ते कर.’ बरोबरच आहे त्यांचं. म्हणून तर मला झोप नाही.

मला सारखी तुझी पोस्टातली आरडी आठवते. बाबा गेल्यावर आपण नाशिकरोडला मागच्या अंगाच्या त्या खोलीत राहायचो आणि तू एकलहऱ्याला वीज केंद्रात जाणाऱ्या एकट्या पोरांचे डबे करायचीस. पोस्टाची एजंट बाई महिन्याच्या सुरुवातीला यायची. तू पिठाचे हात धुऊन आधी तिचे पैसे द्यायचीस, मग किराणावाल्याचे. महिनाअखेरीला पोरांच्या डब्यात भरली वांगी जायची आणि आपण दोघी पिठलं खायचो. अकरावीत मी जुन्या मोपेडसाठी हट्ट धरला. म्हटलं, आरडी मोड ना. तू वळूनसुद्धा पाहिलं नाहीस. ‘ते मोडायला ठेवलेलं नाय.’ मग कशाला ठेवलंय? ‘ठेवायला.’ आणि पोळी उलटलीस. असा राग आला होता मला! अजून येतो.

त्यानंतर मालकांनी ती खोली विकायला काढली. चांगला माणूस होता, आधी तुलाच विचारलं. ‘बाई, तुम्हीच घ्या. निम्मे आता द्या, निम्मे सावकाश.’ मला अजून दिसतं, तू ओट्याशी उभी आहेस, हात परातीत आहेत आणि कणीक मळायची थांबली आहेस. आरडी मोडली असती तर निम्मे झाले असते. दोन-तीन दिवसांनी तू जाऊन त्यांना नाही म्हणून आलीस. मी थयथयाट केला. तू एवढंच म्हणालीस, ‘लय शहाणी झालीस. उद्या मी आजारी पडले तर काय भिंती खाशील?’

मग एक माणूस खोली बघायला आला, आपण आत असताना. तू त्याला चहा केलास. त्यानं छताची ओल पाहिली, खिडकी उघडून-मिटून पाहिली, मोरीत डोकावला. आपल्याशी एक शब्द बोलला नाही. महिन्याभरात आपण सामान हातगाडीवर टाकून पलीकडच्या गल्लीत गेलो. तिथला ओटा एवढासा, तुझे निम्मे डबे सुटले. पुढच्याच उन्हाळ्यात तुझं पोटाचं ऑपरेशन झालं आणि आरडीनं ते निभावलं. त्या वर्षापुरती तू बरोबर होतीस, आई. पण मरेपर्यंत भाडं भरत राहिलीस. आता यातून मी काय शिकायचं, सांग ना! ठेव मोडू, की नको मोडू? तुझ्याकडं बघून दोन्ही उत्तरं येतात.

बुधवारी मी एजंटला न सांगता एकटीच त्या फ्लॅटवर गेले. बाईनं दार उघडलं, घर घ्यायला बघतेय ती मीच असं मी सांगितलं. एका दवाखान्यात रिसेप्शनला असते, नुकतीच कामावरून आली होती. सासू कॉटवर आडवी, मुलगी खाली बसून गणितं सोडवतेय. मी नको नको म्हणत असताना तिनं चहा टाकला. मग अगदी सरळ आवाजात म्हणाली, ‘ताई, भाडं वाढवणार असाल तर आधी सांगा हं. म्हणजे मी बघायला लागते. हिची शाळा लांब नको पडायला.’ ना रडगाणं, ना तक्रार. मी ‘बघू, अजून काही ठरलं नाही’ असं काहीतरी पुटपुटले आणि जिना उतरले. मी घेतलं नाही तर दुसरा कुणीतरी घेईलच. एजंट म्हणतो, दोन गिऱ्हाइकं तयार आहेत. थाप असेल. पण कॉलेजची पोरं ठेवायचा सल्ला तो त्यांनाही देणारच की.

शेवटी ठरवलं. ठेव अर्धी मोडायची. तीन महिन्यांचा खर्च राहील, सहाचा नाही. भाडं वर्षभर आहे तेच. सकाळी चहाच्या वेळी यांना सांगितलं. मग म्हणाले, ‘कंपनी बंद पडली तर तीन महिन्यांनी काय?’ मी म्हटलं, शिकवण्या घेईन. ‘आणि ती बाईच सोडून गेली तर?’ मी रिकामे कप उचलले. ‘बरं,’ म्हणाले, ‘सही कुठं करायची ते सांग.’ त्यांनी हो म्हटल्यापासून मला जास्तच धास्ती वाटतेय. नाही म्हणाले असते तर भांडले असते, रडले असते आणि सुटले असते. आता चुकलं तर सगळं माझ्यावर. नात कॉलेजात आहे, तिची फी आहे, आणि माझी आई मला ओरडायला नाही.

हे पत्र कुठं टाकायचं नाहीच, म्हणून एक सांगून टाकते. यांना वाटतंय, मी त्या बाईसाठी ठेव मोडतेय. तुझी नात तर माझ्या गळ्यातच पडली, म्हणाली, आई, तू किती चांगली आहेस. पण खरं तेवढंच नाही. बुधवारी मी आत जाऊन बसले ना, तेव्हा ती बाई सासूच्या कानाशी वाकून जरा मोठ्यानं म्हणाली होती, ‘आई, या नवीन मालकीणबाई.’ म्हातारी एका हातावर जोर देऊन उठायला लागली. ‘अहो, पडून राहा’ असं म्हणायला किती वेळ लागतो? मी म्हटलं नाही, आई. ती पूर्ण उठून बसेपर्यंत मी थांबले.