सासूबाई भांडल्याच नाहीत

सौ. वन्संना धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार.

तुमच्या गुडघ्याला आराम पडला असेल. जावईबुवांचा खोकलाही थांबला असेल (नसेल, तर तो सिगारेटचा आहे, पण हे मी म्हटलं असं सांगू नका). इकडे आम्ही खुशाल आहोत आणि आई जिंकल्या आहेत. तुमच्याकडे टीव्ही लावत नाहीत, म्हणून सविस्तर लिहिते.

हल्ली कुठलंही चॅनेल लावा, स्पर्धाच. कुणी गातंय, कुणी वजन उतरवतंय, परवा तर लोक एकमेकांची कपाटं आवरत होते आणि परीक्षक डोळे पुसत होते. त्यातलाच हा बंद घराचा कार्यक्रम: अनोळखी माणसं एका घरात कोंडायची आणि त्यांची भांडणं जगाला दाखवायची. तुमचे बंधुराज आईंना निवडीला घेऊन गेले. तिथे रांग मोडून घुसलेल्या एका पैलवानाला आईंनी दंडाला धरून पार शेवटी नेऊन उभं केलं (जन्म पोस्टाच्या खिडकीमागे गेलेला, रांग म्हणजे त्यांचा जीव की प्राण). दोघांचीही निवड झाली.

पहिल्याच दिवशी दिग्दर्शक म्हणाला, "आजी, तुम्ही फक्त भांडत राहा." इथेच घोड्याने पेंड खाल्ली. आई म्हणाल्या, "मी माझ्या मनाने भांडते. दुसऱ्याच्या सांगण्यावरून भांडायला मी काय वकील आहे?"

आणि त्या गप्प झाल्या. पैलवानाने मुद्दाम त्यांचा कप फोडला, त्यांनी काचा वेचल्या. तो अंगावर ओरडला, तर त्यांनी त्याला पाणी दिलं. इकडे आम्ही हादरलो; बंधुराजांनी तर डॉक्टरांना फोन करून हे कशाचं लक्षण म्हणून विचारलं. मी चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवतेय आणि ते विचारतंय, "त्या शांत आजी खरंच तुमच्या सासूबाई?" काय सांगणार?

शेवटी चॅनेलवाल्यांनी मला बोलावलं. सुनेने यावं आणि मनातलं बोलावं. खोटं कशाला सांगू, वन्सं, मी तयारीनिशी गेले होते. पण त्या झगमगाटात आई अगदी एवढ्याशा दिसल्या. निवेदकाने त्यांनाच आधी विचारलं, सुनेबद्दल तक्रार काय? आई म्हणाल्या, "पुष्कळ आहेत. पण त्या आमच्या दोघींच्या आहेत, तुम्हाला का देऊ?" मग माझ्याकडे वळून, "वेळेवर जेवत नाहीस वाटतं. तोंड उतरलंय."

माझं लाल झालेलं नाक सगळ्या देशाने पाहिलं. त्यानंतर मतांचा नुसता पाऊस पडला. पैलवान दुसरा आला आणि आईंच्या पाया पडून रडला. ट्रॉफी फ्रिजवर ठेवली आहे, दार उघडलं की डुगडुगते.

तुमची,
भावजय

ता. क. घरी आल्यावर चपला काढायच्या आत आईंनी पडदे, फ्रिज आणि मी, या क्रमाने सगळा अनुशेष भरून काढला. इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं.

आणखी एक ता. क. त्याच चॅनेलवर आता आई-लेकींच्या जोड्यांना कोंडणार आहेत. आईंनी तुमचं नाव देऊन टाकलंय. फोटो मात्र मी शोधून दिला. निवड झाली आहे. नाही म्हणायचं असेल, तर कृपा करून ते आईंना तुम्हीच सांगा.