दोष गाडीत नव्हता

चिखली,
२७ सप्टेंबर २०२५

चि. सौ. स्वरूपा,

इकडे आम्ही दोघं बरे आहोत, मंचरला तुम्ही सगळे बरे असाल. तुझ्या आईचा गुडघा कसा आहे? तिला म्हणावं जिना चढू नकोस, लेक आयती आली आहे, तिला चढू दे.

पत्र बघून हसशील. म्हातारीला अक्षर ओळखता येत नाही आणि पत्र धाडते. मी बोलते आहे, तुझा नवरा लिहितो आहे. पहिली पाळी करून आला, चहा प्यायला, तोवर मी पुढ्यात कागद ठेवला. बजावलंय त्याला, मी म्हणेन ते लिहायचं, मध्ये शहाणपण नाही. फोन केला असता तर तू "हो आजी, हो आजी" म्हणून ठेवला असतास, आणि मी दोन विनोद करून सुटले असते. माझी सवय मला माहीत आहे.

तर खबर अशी. घट बसले. उपास माझा आहे, खिचडी रणजीत खातोय. डबे तू गेल्यापासून बंद. चाकणच्या कंपनीतली पोरं फोन करतात, ताई कधी येणार म्हणून. एक जण म्हणाला, "आजी, कँटीनची डाळ खाऊन तोंडाची चव गेली." म्हटलं, लग्न कर.

आता गाडीचं.

तू किती वेळा सांगत होतीस, आजी, क्लच पूर्ण दाबला तरी गिअर पडत नाही, करकर वाजतो, सिग्नलला पाय दाबून धरला तरी गाडी पुढं सरकते. रविवारी रणजीत चालवायचा तेव्हा काही नाही. मेकॅनिकनं गाडी ठेवून घेतली, चालवून बघितली. म्हणाला, क्लचप्लेट चांगली आहे, वायर चांगली आहे, गाडीत दोष नाही, वहिनी पाय अर्धवट दाबत असतील. आम्ही माना डोलावल्या. मी आणि रण्यानं. लिही रे, तुझंही नाव लिही.

मग चाकणच्या चौकातला तो दिवस. तू ब्रेकवरचा पाय जरा सैल केलास आणि गाडी तशीच पुढं जाऊन कांद्याच्या पिकअपला मागनं धडकली. डबे लवंडले, सगळी डाळ खाली. माणसं जमली. पिकअपवाला उतरून काही बोलायच्या आत मी तुझ्या शेजारनं उतरले आणि म्हणाले, "हिला भाकरी थापायलाच बसवायला हवी होती, आम्हीच मेल्यांनी हातात चाकं दिली." लोक हसले. लोकांना हसवायला मला येतंच. तू मात्र खाली बसून डबे गोळा करत होतीस, मान वर केली नाहीस. दुसऱ्या दिवशी पिशवी भरलीस.

आता इथनं पुढं अक्षर बिघडलं तर समजून घे, कारण हे रणजीतलाही ठाऊक नाही.

घट बसायच्या आधी मी घरातली सगळी अंथरुणं-पांघरुणं धुवायला काढली. तुला माहीत आहे, एक चिंधी सोडत नाही. गाडीत पायाखाली घातलेली गोधडीही काढली. वाळल्यावर परत अंथरली, आणि मागं झाडायला जमेना म्हणून सीट पुढं ओढली, तू बसतेस तिथवर. तर सीटनं गोधडी पुढं रेटली, आणि तिचा गोळा जाऊन बसला नेमका क्लचच्या पेडलखाली. मी वाकून हातानं पेडल दाबलं. अर्ध्यात अडलं. गोधडी उपसून काढली, पेडल पार तळाला गेलं. परत घातली. परत अडलं.

रणजीतचे पाय लांब, तो सीट मागं ढकलून बसतो, तेव्हा गोधडी सपाट राहते. मेकॅनिकनं कामाआधी ती काढून ठेवली असणार आणि मग नीट अंथरून दिली, भला माणूस. तू पाय अर्धवट दाबत नव्हतीस पोरी. खाली जागाच नव्हती.

आणि ती गोधडी कुणाची? उन्हाळ्यात इंजिनाच्या धगीनं तुझे पाय भाजायचे म्हणून दोन जुनी लुगडी घालून मीच शिवलेली. चांगली जाड. माया जरा जास्तच भरली.

इथं रणजीत पेन ठेवून उठून आत गेला होता. आलाय. लिहितोय, पण माझ्याकडे बघत नाही.

कळलं त्याच दिवशी तुला सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. गोधडी पेटीत घातली, वर माझं पातळ ठेवलं. रणजीत फोनवर गाडीला गिऱ्हाईक बघत होता, मी शेजारी बसून शेंगदाण्याची सालं काढत होते.

का, तेही सांगते. खानावळ मी घातली. पोरं "आजींचा डबा" म्हणायची. गाडी आली, तू चाकणपर्यंत डबे न्यायला लागलीस, आणि तो "स्वरूपाताईंचा डबा" झाला. मीठ माझ्याच हातचं. तुला गिअर पडेना तेव्हा मला वाईट वाटायचं. पण आत कुठंतरी बरंही वाटायचं. हे असंच लिही रे, गोड करू नकोस.

आज सकाळी गिऱ्हाईक गाडी बघायला आलं. मी किल्ली घेतली, दार उघडलं आणि जाऊन ड्रायव्हरच्या सीटवर बसले. पाय खाली टेकेनात. तो म्हणाला, "आजी उतरा, चालवून बघतो." म्हटलं, विकायची नाही, हिची चालवणारी माहेरी गेलीय. "मग बोलावलंत कशाला?" म्हटलं, चुकलं माझं. आजवर कुणापुढं म्हटलं नव्हतं, परक्यापुढं सोपं गेलं. गल्लीतल्या बायका जमल्या होत्या, त्यांना गोधडीसकट सगळं सांगितलं. गिरजाबाईनं तोंडाला पदर लावला. हसू दे. चौकातली माणसं आता कुठं शोधू, तेवढं मात्र माझ्याकडून फिटायचं नाही.

रणजीत हे पत्र घेऊन गाडीनंच येईल. आत गोधडी नाही. सीट पुढं ओढ, क्लच दाब, आणि एकटीच लांबवर चालवून बघ. त्याला शेजारी बसू देऊ नकोस. मग ठरव. यावंसं वाटलं तर खंडेनवमीला गाडीची पूजा तुझ्या हातनं होईल. नाही वाटलं तर गाडी तिथंच ठेवून घे. आम्ही दोघांनी ठरवलंय. म्हणजे आत्ता मी बोलले आणि यानं मान हलवली. हा बसनं परत येईल. मंचरलाही माणसं जेवतात.

तुझ्या आईला नमस्कार.

रणजीत विचारतोय, शेवटी "अनेक आशीर्वाद" लिहू ना? म्हटलं, नको. आत्ता आशीर्वाद कुठल्या तोंडानं देऊ? माफी मागते, एवढंच लिही. आणि खाली आजी लिहू नकोस, नुसतं नाव लिही.

सोजर