दिवाळीची माती आणि पांढरे डाग

२८ सप्टेंबर १९५९
पाऊस थांबला. नाल्याची धार तुटली, वाळूत जागोजागी डबकी — पाणी असं नितळ की तळाचे खडे दिसतात. हिवतापाच्या डासाला हेच हवं! पूर असता तर अळ्या वाहून गेल्या असत्या. पुसदहून आलेले इन्स्पेक्टर मात्र गटारावर काठी आपटत होते. म्हटलं, "साहेब, या डासाला तुमच्यापेक्षा स्वच्छतेची आवड जास्त!"

६ ऑक्टोबर
तांड्यावर डीडीटी फवारली. माझ्याकडेही. आतल्या भिंतींवर पांढरे डाग — डास टेकला की मेला.

१९ ऑक्टोबर
संताप! तांड्यातल्या रुपीबाईनं दिवाळीच्या सारवणाची माती कालवली. गेल्या साली हेच. फवारलेल्या भिंती सारवल्या, औषध शेणामातीखाली गेलं, सून मोतीबाई तापानं फणफणली आणि सातव्या महिन्यात पोटातलं पोर गेलं. आता तिचे पुन्हा दिवस भरत आलेत.
"सिस्टरबाई, बिनसारवल्या घरात बाळंतीण निजवू काय? लोक थुकतीन!"
तीस वर्षं इस्पितळात बाळंतपणं केली मी. मला शिकवते!

२२ ऑक्टोबर
तांड्यात घरोघर फिरले. बाहेरून सारवा, आतून सोडा — डास आत बसतो. धनीबाई हसली, "चाला, अर्धी मेहनत वाचली!" सगळ्यांनी ऐकलं. रुपीबाई सोडून.

२६ ऑक्टोबर
दारात रुपीबाई! मागे मोतीबाई, तिच्यामागे डोक्यावर खाट घेतलेला तिचा नवरा फुलसिंग.
"तुमच्या भितीवर दवाई हाये न? मंग सून इथीच राहीन. मी माझी भीत सारवतो."
मी तोंड उघडेपर्यंत खाट आत!

३० ऑक्टोबर
मोतीबाईला ताप नाही. तांड्यातही कुणाला नाही. गेल्या वर्षी या दिवसांत दर घरात कोणी ना कोणी कुडकुडत होतं. इन्स्पेक्टरला कळवायला हवं — नितळ पाण्यासकट!

५ नोव्हेंबर
मुलगी! खणखणीत रडते. आई ठणठणीत.
रुपीबाई नातीला न्हाऊ घालत होती, म्हणून गोधडी आणायला मीच तिच्या घरी गेले. आतल्या भिंतींवर पांढरे डाग जसेच्या तसे. तिनं सारवलंच नव्हतं!
परत येऊन विचारलं, "मग सून माझ्याकडे का आणलीस?"
वर न पाहताच म्हणाली, "तुमचं आयकलं म्हणून सांगतलं असतं, त तांड्यात नाक कटलं असतं माझं. अन् बाळंतपणाले घरची सिस्टर कोण सोडते!"